निजेची वाट

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कर्वेनगर, पुणें येथें भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग. या पुस्तिकेंत मंदिराच्या बांधकामाचा इतिहास येईल, पूर्वींच्या धर्मगुरूंचीं छायाचित्रें येतील, देणगीदारांची यादी येईल, आणि तें सर्व योग्यच आहे. परंतु आज आम्ही यांपैकीं कशाविषयींही बोलणार नाहीं. आम्ही बोलणार आहों एका अगदीं घरगुती गोष्टीविषयीं, म्हणजे रात्रीं मुलास निजविण्याविषयीं. कोणी म्हणेल, हा काय भाषणाचा विषय झाला? मूल मांडीवर घेतलें, दोन थापट्या मारल्या, अंगाईच्या चार ओळी गुणगुणल्या, कीं काम झालें. बहुतेक घरीं तसें होतें खरें. पण ज्या घरीं तसें होत नाहीं त्या घरचा आवाज तेवढा शेजाऱ्यास ऐकूं येतो, दुःख ऐकूं येत नाहीं. त्या दुःखाविषयीं बोलणें आम्हांस प्राप्त झालें आहे, कारण त्यांत आमच्या हातूनही एक अपराध घडला आहे.

आपण ज्या भूमीवर बसलों आहों तिचें जुनें नांव हिंगणें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० सालीं तो आश्रम पुण्याबाहेर या हिंगण्याच्या माळावर आणला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेंत एक झोंपडी उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे अण्णा कॉलेजचें काम आटोपून पायीं चालत, चिखल तुडवीत, येथें येत असत. त्या काळीं विधवा समोरून आली तर लोक अपशकुन मानीत. तिनें घराच्या अंधाऱ्या खोलींत राहावें, असा रिवाज होता. अण्णा १९६२ सालीं निवर्तले, तेव्हां त्यांस १०४ वर्षें पूर्ण झालीं होतीं, आणि ज्या माळावर ते चालत आले तो माळ आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. जिला चारचौघांत येण्यास मज्जाव होता तिच्यासाठीं जागा करण्याकरितां एक मनुष्य रोज इतका चालला, हें या वस्तीचें मूळ भांडवल आहे. म्हणून आम्ही विचारतों: आज याच कर्वेनगरांत कोणी अंधाऱ्या खोलींत बसलेलें आहे काय?

आहे. तें घर आपल्याच लोकांपैकीं आहे. त्यांच्या परवानगीनें आम्ही ही हकीगत सांगत आहों. नांव सांगणार नाहीं, आणि तुम्हींही शोधूं नये. त्या घरीं सात वर्षांचा एक मुलगा आहे. त्यास स्वमग्नता आहे. तो थोडें बोलतो. आगगाडीचीं चित्रें त्यास अतिशय आवडतात. शिटी वाजली, फटाका फुटला, कीं दोन्ही कानांवर हात ठेवून तो जमिनीवर बसतो. रात्रीं दहा वाजतां इतर घरचे दिवे मालवतात, तेव्हां त्याची धांवाधांव सुरू होई. खाटेवरून उठून तो दारापर्यंत जाई, परत येई, पुनः जाई. कधीं हंसे, कधीं अकस्मात् रडूं लागे. एक वाजे, दीड वाजे. खालच्या मजल्यावरील गृहस्थ काठीनें छत ठोकीत. आई त्यास कडेवर घेऊन स्वयंपाकघरांत उभी राही, कारण तेथील भिंत कोणाच्या शेजघरास लागून नव्हती. सकाळीं सहा वाजतां पुनः पाण्याची वेळ, डबा, शाळा, नोकरी. अशीं चार वर्षें गेलीं.

एके रविवारीं मिस्सेच्या वेळीं ढोल वाजूं लागतांच तो मुलगा मंदिराच्या मध्यभागीं आडवा पडला. लोकांनीं माना वळविल्या. मिस्सा संपल्यावर ती बाई क्षमा मागण्यास आली आणि बोलतां बोलतां रात्रींचें हालही सांगूं लागली. आम्हीं अर्धेच ऐकलें. आम्हीं तीस सांगितलें, ‘‘बाई, लाड कमी करा. आमची आई दिवा मालवीत असे आणि आम्ही निजत असूं. मुलास शिस्त पाहिजे.’’ ती कांहीं बोलली नाहीं. पदर सांवरून निघून गेली. त्यानंतर आठ महिने तें कुटुंब मंदिरांत दिसलें नाहीं, आणि आम्हीं त्याची चौकशीही केली नाहीं. पुढें एका सिस्टरांनीं आम्हांस सांगितलें, ‘‘फादर, तुम्हीं तिला शिस्त सांगितलीत. ती बाई चार वर्षांत एक रात्र सलग निजलेली नाहीं.’’ त्या शब्दांनीं आम्ही अतिशय लाजलों.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही क्षमा मागण्यास गेलों. त्या माउलीनें आम्हांस चहा दिला आणि म्हणाली, ‘‘फादर, तुमच्यावर राग नाहीं. पण एक सांगते. त्याला निजायचें नसतें असें नाहीं. त्याचे डोळे लाल होतात, तो स्वतःच उशी घेऊन येतो. निजेची वाट त्याला सांपडत नाहीं.’’ मग आम्हीं एक रात्र त्यांच्या घरीं बसण्याची परवानगी मागितली. दहापासून दोन वाजेपर्यंत बसलों. सेमिनरींत इतकीं वर्षें काढून जें आम्हांस उमगलें नव्हतें तें त्या चार तासांत उमगलें. तो मुलगा हट्ट करीत नव्हता. तो थकलेला होता, आणि थांबूं शकत नव्हता.

आतां या अवस्थेविषयीं जें ज्ञात आहे तें थोडक्यांत सांगतों. ‘स्वमग्नता’ हा आपला मराठी शब्द ज्या परभाषेंतील शब्दावरून आला त्याच्या मुळाशीं ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. स्वित्झर्लंडांतील मनोवैद्य ऑइगेन ब्लॉयलर यांनीं १९११ च्या सुमारास तो प्रचारांत आणला. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि पुढच्याच सालीं व्हिएन्ना येथें हान्स आस्पर्गर यांनीं तशाच मुलांविषयीं लिहिलें. शब्द थोडा फसवा आहे. मूल स्वतःमध्यें मग्न आहे, त्यास आपली पर्वा नाहीं, असें त्यावरून वाटतें. वस्तुतः पुष्कळदां उलट असतें. बाहेरचें जग त्याच्यावर फार जोरानें येऊन आदळतें. आवाज, उजेड, वास, कापडाचा स्पर्श, यांपैकीं कांहींच त्यास अंगावेगळें करतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत दर १२७ व्यक्तींमागें सुमारें एक व्यक्ति स्वमग्न होती. म्हणजे हें कोणा एखाद्या घरावर आलेलें विरळ संकट नव्हे.

आणि हा आईचा दोष नव्हे. हें आम्ही मुद्दाम मोठ्यानें सांगतों, कारण विद्वान् म्हणविणाऱ्यांनींही तो आईच्या माथीं मारला होता. आईची माया थंड असल्यामुळें मूल असें होतें, हें मत एका काळीं फार पसरलें. ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालीं पुस्तक लिहून तें अधिक दृढ केलें. परंतु त्यापूर्वींच, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलंड यांनीं या अवस्थेचें मूळ मेंदूच्या घडणींत आहे असें प्रतिपादिलें होतें. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशाच एका मुलाचे बापही होते. १९६९ सालीं स्वतः कॅनर यांनीं पालकांच्या सभेंत आईबापांस जाहीरपणें दोषमुक्त केलें. ज्या आरोपांतून शास्त्रानें आईस इतक्या वर्षांपूर्वीं सोडविलें, तोच आरोप आम्हीं मंदिराच्या दारांत तिच्यावर पुनः ठेवला होता.

अशा मुलांस निजेचा त्रास किती असतो? निरनिराळ्या पाहणींत अर्ध्यांपासून चार-पंचमांशांपर्यंत मुलांस तो आढळला आहे. त्याचीं कारणें एकाहून अधिक आहेत. अंधार पडूं लागला म्हणजे आपल्या मेंदूंतील एक लहान ग्रंथि मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य सोडूं लागते. तें शरीरास रात्र झाल्याची वर्दी देतें. येल विद्यापीठांतील आरन लर्नर यांनीं १९५८ सालीं तें प्रथम वेगळें काढलें. कित्येक स्वमग्न मुलांत ही वर्दी उशिरां किंवा क्षीणपणें पोंचते. दुसरें कारण इंद्रियांचें. ज्या पंख्याचा आवाज आपण ऐकतही नाहीं तो त्या मुलास करवतीसारखा लागूं शकतो. उलट कोणा मुलास तोच आवाज पाहिजे असतो. तिसरें कारण बदलाचें. जागेपणाकडून निजेकडे जाणें हा दिवसांतील सर्वांत मोठा बदल, आणि बदल हीच या मुलांची अडचण. चौथें कारण शरीराच्या दुखण्याचें. बद्धकोष्ठ, पोटांतील आम्ल, दाढदुखी, लोहाची उणीव, आंकडी, घशांतील गांठींमुळें अडणारा श्वास, यांपैकीं कांहीं असेल तर तें बोलतां न येणारें मूल सांगणार कसें? तें रात्रीं रडतें, आणि आपण त्यास हट्टी म्हणतों. म्हणून पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन हीं दुखणीं तपासून घेण्याची आहे.

आतां त्या घरीं काय केलें तें सांगतों. यांतील युक्ति आमची नव्हे. बालविकासाच्या डॉक्टरीणबाईंनीं ती सांगितली व त्या आईबापांनीं ती पाळली.

प्रथम दोन आठवडे एका वहींत नोंद ठेविली. मूल किती वाजतां अंथरुणावर गेलें, किती वाजतां खरोखर निजलें, केव्हां उठलें, दिवसा काय खाल्लें, शौचास झालें कीं नाहीं, सायंकाळीं काय घडलें. वही भरल्यावर जें दिसलें त्यानें सर्वच चकित झाले. शौचास न झालेल्या दिवशीं रात्र हटकून वाईट जाई. शाळेंतून आल्यावर तो दोन तास निजे. समोरच्या इमारतीचा दिवा थेट उशीवर पडे. आणि एक गोष्ट अशी निघाली कीं ती वाचतांना बाप खालीं मान घालून बसला. त्याचें दुकान साडेनऊला बंद होई. दिवसभर मुलाचें तोंड दिसत नसे. म्हणून घरीं येतांच तो त्यास उंच उडवी, गुदगुल्या करी, मोबाइलवर आगगाड्या दाखवी. दिवसांतील तेवढेंच त्याचें सुख. आणि वही सांगत होती कीं त्या सुखानंतर मूल तीन तास निजत नाहीं. बापानें तें सुख सोडलें, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. त्यानें त्याची वेळ बदलली. आतां तो सकाळीं सात वाजतां मुलास उडवितो आणि मग दुकानास जातो.

दुसरी गोष्ट उठण्याच्या वेळेची. रात्र कशीही गेली तरी सकाळीं सात वाजतां उठवावयाचें, रविवारींसुद्धां. दुपारची झोप हळूहळू बंद केली. सायंकाळीं ऊन असतां मोकळ्यावर खेळणें, धांवणें, झोपाळा. रात्रीं साडेआठनंतर घरांतील मोठे दिवे बंद, एकच मंद दिवा. आणि निजण्याच्या वेळेपूर्वीं निदान एक तास मोबाइल व दूरदर्शन कोणासच नाहीं. ‘कोणासच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आजी मालिका पाहते आणि नातवानें मात्र निजावें, हें होत नाहीं. आजीनें मालिका दुपारीं पाहण्याचें कबूल केलें, हाही या कुटुंबांतील मोठा त्याग आम्ही समजतों.

तिसरी गोष्ट चित्रांची. पुठ्ठ्यावर पांच चित्रें लाविलीं: दांत घासणें, लघवीस जाणें, पाणी पिणें, पांघरूण घेणें, दिवा मालवणें. एकेक काम झालें कीं मुलगा तें चित्र काढून डब्यांत टाकी. डबा भरला कीं रात्र झाली. बोललेलें वाक्य हवेंत विरून जातें, चित्र समोर राहतें. पुढें काय येणार हें डोळ्यांस दिसलें म्हणजे भीति कमी होते. हें पाहून आम्हांस आमचे सेमिनरींतील दिवस आठवले. रात्रींची प्रार्थना, मग पेलाभर पाणी, मग दिवा, मग सकाळपर्यंत मौन. रोज तोच क्रम, तीच घंटा. आम्हांस वाटे कीं ती शिस्त मन ताब्यांत ठेवण्यासाठीं आहे. आज वाटतें कीं ती एक वाट होती, आणि रोज पाय पडून ती मळली होती म्हणून आम्ही निजत असूं. ज्या शिस्तीचा आम्हीं त्या बाईस टोमणा मारला तिचा खरा अर्थ आम्हांसच ठाऊक नव्हता. शिस्त म्हणजे दरडावणें नव्हे. रोज त्याच क्रमानें, त्याच शांतपणें, मुलाबरोबर चालणें.

चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण. मूल एक वाजतां निजतें ना? मग त्यास एक वाजतांच अंथरुणावर न्यावयाचें! नऊ वाजल्यापासून चार तास अंथरुणावर लढाई करण्यानें अंथरूण हेंच लढाईचें ठिकाण होऊन बसतें. म्हणून एक वाजेपर्यंत मंद उजेडांत शांत खेळ, आणि मग चित्रें व निजणें. सलग कांहीं रात्री तें पाव तासांत निजूं लागलें कीं वेळ पंधरा मिनिटें अलीकडे घ्यावयाची. एकापासून साडेदहापर्यंत अशा दहा पायऱ्या होतात. कागदावर हें दोन महिन्यांचें काम. प्रत्यक्षांत सहा महिने लागले. मध्यें ताप आला, मध्यें शाळेची सुट्टी आली, आणि मध्यें गणेशोत्सव आला, तेव्हां चार पायऱ्या एकदम घसरल्या. आई त्या दिवशीं वही फाडण्यास निघाली होती. वही बापानें उचलून कपाटावर ठेविली, आणि आठवड्यानें पुनः खालीं काढली.

आईनें स्वतः दूर होण्याचीही अशीच पायरी केली. प्रथम ती खाटेवर बसे, मग खाटेजवळ खुर्चीवर, मग दाराशीं, मग दाराबाहेर. मूल उठून आलें तर न रागावतां, न बोलतां, हात धरून परत नेई. याशिवाय खिडकीस जाड पडदा, सदऱ्याच्या मानेवरील टोंचणारी चिठ्ठी कापून टाकणें, घट्ट खोंचलेली चादर, अशा बारीक गोष्टी. वजनदार पांघरूण म्हणून जें महाग विकतात त्याचें इंग्लंडांत नीट परीक्षण झालें. २०१४ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या पांघरुणानें झोप वाढली नाहीं, मुलांस व आईबापांस तें आवडलें मात्र. तेव्हां ज्यास परवडेल त्यानें आवडीपुरतें घ्यावें, कर्ज काढूं नये. पैसा खर्च करावयाचाच तर गच्चीच्या जाळीवर व दाराच्या उंच कडीवर करावा. अशीं मुलें रात्रीं निघून जातात; आईबाप थकून निजलेले असतां हा धोका खरा असतो. गॅसची टाकीही रात्रीं मुख्य खुंटीनें बंद करावी.

औषधाविषयीं दोन शब्द. अमेरिकेंतील मज्जातंतुवैद्यांच्या परिषदेनें २०२० सालीं जो मार्गनिर्देश प्रसिद्ध केला त्याचा क्रम असा आहे: आधीं दुखणीं तपासा, मग संवयी सुधारा, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर मेलॅटोनिनचा विचार करा. तेंही डॉक्टरांनीं प्रमाण ठरवून दिलें तरच. शेजारणीच्या सांगण्यावरून खोकल्याचें गुंगी आणणारें औषध पाजूं नका. मुंबईच्या गिरणगांवांत गेल्या शतकाच्या आरंभीं कामास जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची बाळागोळी देत असत. त्या आया दुष्ट नव्हत्या. त्या एकाकी व थकलेल्या होत्या. आईस कोणाचा आधार नसला म्हणजे ती गुंगीचा आधार घेते. म्हणून हा प्रश्न शेवटीं आईपाशीं संपत नाहीं. तो आपणांपाशीं येतो.

त्या माउलीनें आम्हांस एक गोष्ट सांगितली, ती तुम्हांस सांगण्यास तिनें मुद्दाम बजाविलें आहे. एके रात्रीं तीन वाजतां तिचा हात मुलावर उगारला गेला. तो खालीं येण्यापूर्वीं तिनें तो स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला, आणि मूल खाटेवर ठेवून ती दाराबाहेर जिन्यावर जाऊन बसली. ती म्हणाली, ‘‘फादर, त्या वेळीं खालच्या मजल्यावरचें दार उघडलें असतें आणि कोणी नुसतें विचारलें असतें, ‘ताई, काय झालें?’, तरी मला पुरें होतें.’’ दार उघडलें नाहीं. बंधूंनो, असा प्रसंग कोणावर आला तर मूल सुरक्षित ठेवून दहा मिनिटें बाजूस होणें, यांत पाप नाहीं. तें शहाणपण आहे. आणि आईबापांनीं रात्र वांटून घ्यावी: एकानें एक वाजेपर्यंत, दुसऱ्यानें पुढें. हें काम बाईचें, असें म्हणणाऱ्या पुरुषांनीं आठवडाभर तें करून पाहावें.

आतां आपण काय करावें? पहिलें, आवाज. ध्वनिप्रदूषणाविषयींचे २००० सालचे नियम आहेत: रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावूं नये, आणि वस्तीच्या भागांत रात्रींची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयानेंही २००५ सालीं या बाबतींत कडक निर्णय दिला. ठराविक सणांस सरकार बारापर्यंत सवलत देऊं शकतें, पण सवलत म्हणजे सक्ति नव्हे. आम्ही दुसऱ्यांच्या मांडवाकडे बोट दाखवीत नाहीं. आपल्याच नऊ दिवसांच्या नोव्हेनाचा कर्णा त्या गल्लीकडे तोंड करून बांधलेला होता, आणि तो आम्हीं स्वतः बांधून घेतला होता. यंदा तो काढला आहे. या महोत्सवाचे सर्व कार्यक्रम रात्रीं नऊच्या आंत संपतील. कोणास तें कमी उत्साहाचें वाटलें तर त्यानें आम्हांस येऊन भेटावें. आम्ही त्यास त्या घरीं घेऊन जाऊं.

दुसरें, मंदिरांत मागील डाव्या बाजूस, ध्वनिक्षेपकापासून दूर, एक बांक राखून ठेविला आहे. तेथें मूल उभें राहिलें, फिरलें, कान झांकून बसलें, तर कोणीं मान वळवूं नये. तिसरें, ज्यांचीं मुलें मोठीं झालीं आहेत अशा भगिनींनीं रविवारीं दुपारीं दोन तास अशा घरीं जाऊन बसावें, म्हणजे आईस निजतां येईल. उपदेश बरोबर नेऊं नये, डबा न्यावा. आणि त्या घरांतील दुसऱ्या भावंडाकडेही पाहावें. रात्रीं त्याचीही झोप मोडते, व त्याची तक्रार ऐकण्यास कोणास वेळ नसतो.

चौथें, जें कायद्यानें मिळतें तें मिळवून द्यावें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत स्वमग्नता नमूद आहे. त्याखालील निरामय विमायोजनेंत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची तरतूद आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत एकवीस प्रकार आहेत, त्यांतही ती आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, व त्याखालीं जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या तपासणीचीं केंद्रें आहेत. थकलेल्या आईबापांस फॉर्म भरण्यास बळ नसतें. आपल्या तरुणमंडळानें हें काम अंगावर घ्यावें, अशी आमची विनंती आहे.

शेवटीं, हें सर्व करून काय साधतें? आम्ही चमत्कार सांगत नाहीं. तो मुलगा आतां आठवड्यांतून पांच रात्री साडेदहास निजतो व सातास उठतो. त्याच्या वयास निदान नऊ तास झोप पाहिजे, म्हणजे अजून अर्धा तास कमीच आहे. उरलेल्या दोन रात्री कशाही जातात. पण आई आतां त्या दोन रात्रींस भीत नाहीं. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. तो लहान असतां त्यास एका संस्थेंत ठेविलें होतें. आईबापांनीं त्यास परत घरीं आणलें. मिसिसिपीमधील आपल्या लहानशा गांवीं तो वाढला, बँकेंत नोकरी केली, मोटार चालविली, एकट्यानें प्रवास केले, आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं वारला. त्याची स्वमग्नता गेली नव्हती. गांव त्यास ओळखत होतें, व त्यास सांभाळून घेत होतें. प्रत्येक मूल तसेंच होईल असें नाहीं. पण प्रत्येक मुलास तसें गांव मिळावयास हरकत नाहीं.

आम्ही धर्मगुरु रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं शांत रात्रीसाठीं प्रार्थना करतों. पुष्कळ वर्षें ती आम्हीं आमच्या एकट्यासाठींच म्हटली. आतां ती म्हणतांना आम्ही त्या घराच्या खिडकीकडे पाहतों. दिवा मालवलेला दिसला तर देवाचे आभार मानतों. जळत असला तर दुसऱ्या दिवशीं दार ठोठावून विचारतों, ‘‘ताई, रात्र कशी गेली?’’ महोत्सवाच्या या वर्षीं तुम्हींही आपापल्या जिन्यावर एवढा एक प्रश्न विचारण्यास शिकावें, इतकेंच आमचें मागणें आहे. परमेश्वर तुम्हां सर्वांस, आणि विशेषेंकरून आज रात्रीं ज्यांस जागावें लागणार आहे त्यांस, आशीर्वाद देवो.